स्ट्रोकनंतर रोजची कामं अडतात तेव्हा घरच्यांनी या चुका टाळा

बाबांना स्ट्रोक येऊन दोन महिने झाले होते, हाताला ताकद आली होती, बोललेलं बऱ्यापैकी कळत होतं, आणि एक दिवस सकाळी बेसिनपाशी त्यांनी टूथब्रश उचलला आणि केसांवरून फिरवायला लागले. मी ओरडलो, "बाबा, काय करताय!" ते घाबरून थांबले, ब्रश हातातच. पहिली चूक तीच, ओरडणं. माणूस हट्टीपणा करत नसतो.

याला अप्रॅक्सिया म्हणतात, जर्मन डॉक्टर ह्युगो लीपमान यांनी 1900 साली याचं नीट वर्णन केलं होतं. हात चालतो पण कृती कशी करायची ते मेंदूला जुळवता येत नाही, आणि बहुतेक वेळा इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. भाषाही तिथलीच, म्हणून "आधी झाकण काढा, मग पेस्ट लावा, अहो असं नाही" असा सूचनांचा भडिमार केला की अजूनच गोंधळ होतो. त्यापेक्षा ब्रश त्यांच्या हातात द्या, आपला हात त्यांच्या हातावर ठेवून पहिले दोन-तीन फेरे सोबत मारा, पुढचं बऱ्याचदा त्यांचं ते सुरू होतं.

समोर पसारा ठेवू नका, ही चूक आम्ही कितीतरी दिवस केली. कंगवा, रेझर, क्रीम सगळं एका जागी असलं की हात भलत्याच वस्तूकडे जातो. फक्त ब्रश आणि पेस्ट ठेवा.

"दाखवा बरं दात कसे घासतात" अशी परीक्षा दुपारी सोफ्यावर घेऊ नका, तिथे जमणार नाही, आणि तेच सकाळी बेसिनपाशी आपसूक जमतं. सराव खऱ्या वेळी, खऱ्या जागी करा. चुकतंय असं दिसलं तर चूक पूर्ण व्हायच्या आधीच हलकेच हात वळवा, कारण चुकीचंच अंगवळणी पडू शकतं.

ताटातलं डावीकडचं तसंच राहतं? हा वेगळा त्रास, चष्मा बदलून उपयोग नाही, मेंदूची उजवी बाजू दुखावली की डावीकडे लक्षच जात नाही. ताट फिरवून द्या आणि डावीकडे बघायची आठवण करा.

आणि घाईत सगळं आपणच उरकायचं नाही, शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागली तरी लागू देत. गॅस, गरम पाणी, रेझर मात्र एकट्याच्या हातात नको. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ) हे सगळं घडतं तसं सांगा, जमलं तर मोबाईलवर शूट करून दाखवा, आम्ही हे फार उशिरा केलं. आणि जमणारं काम अचानक जमेनासं झालं, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.