एरंडेल तेलापासून पॉलियुरेथेन नॅनोकंपोझिट फिल्म कशी तयार करावी

सोलापूरच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, कारण त्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट गटाच्या खनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि ते थर एकमेकांपासून दूर सरकतात. सुमारे १ नॅनोमीटर जाडीच्या अशाच थरांमध्ये पाण्याऐवजी पॉलियुरेथेन (तेलातील हायड्रॉक्सिल गट आणि आयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून बनणारे बहुवारिक) शिरवणे, हे या प्रयोगाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी शेतातील माती चालत नाही. शुद्ध केलेली व सेंद्रिय अमोनियम क्षाराने संस्कारित केलेली चिकणमातीच घ्यावी.

प्रयोगाचे यश मिसळण्यापेक्षा वाळवण्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. ज्याचे हायड्रॉक्सिल मूल्य (हायड्रॉक्सिल गटांचे माप, प्रति ग्रॅम तेलामागे मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) १६० आहे अशा ३५ ग्रॅम एरंडेल तेलात सुमारे ०.१ सममूल्य हायड्रॉक्सिल गट असतात आणि आयसोसायनेट गटांचे हायड्रॉक्सिल गटांशी १.०५ हे गुणोत्तर ठेवल्यास त्यासाठी सुमारे ११.७ ग्रॅम आयसोफोरोन डायआयसोसायनेट लागते. तेलात केवळ ०.१ ग्रॅम पाणी उरले, तरी ते या आयसोसायनेटपैकी सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा, संपवते. शिवाय त्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटून फिल्ममध्ये बुडबुडे राहतात ते वेगळेच. म्हणून तेल निर्वातात ८० ते १०० अंश सेल्सिअसला किमान दोन तास तापवावे, चिकणमाती रात्रभर निर्वात ओव्हनमध्ये ठेवावी आणि दोन्ही डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणारे द्रव्य ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करावीत. मे महिन्यातील कोरड्या हवेत जमलेली कृती पावसाळ्यात फसू शकते, त्यामुळे प्रत्येक वेळी खोलीची सापेक्ष आर्द्रता वहीत नोंदवावी.

चिकणमाती (एकूण वजनाच्या १ ते ३ टक्के) आधी कोमट तेलात ढवळून घ्यावी आणि मग अल्ट्रासॉनिक प्रोबने, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून, विखुरावी. आयसोसायनेट घातल्यानंतर मिश्रण घट्ट होत जाते आणि मग गुठळ्या फुटत नाहीत. अडकलेली हवा निर्वाताने काढून, कोरड्या नायट्रोजनखाली ७० अंशांना आयसोसायनेट व डायब्यूटिलटिन डायलॉरेट या उत्प्रेरकाचा एखादा थेंब घालावा. आयसोसायनेटच्या वाफेने दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. मिश्रण ओतण्याजोगे असतानाच टेफ्लॉनच्या साच्यात ओतून ८० अंशांना २४ तास ठेवावे. अवरक्त वर्णपटातील २२७० प्रति सेंटिमीटरजवळचे आयसोसायनेटचे शिखर जवळपास नाहीसे झाले, की अभिक्रिया पूर्णत्वास आली असे समजावे.

तुलनेसाठी चिकणमाती न घातलेली फिल्मही त्याच दिवशी, तितकाच वेळ प्रोब चालवून तयार करावी. एरवी ताणबलातील फरक चिकणमातीमुळे की कृतीमुळे, हे सांगता येत नाही. क्ष-किरण विवर्तनात शिखर लहान कोनाकडे सरकले, तर थरांमधील अंतर वाढले आहे. शिखर दिसेनासे झाले म्हणून थर पूर्ण सुटे झाले असे मात्र लिहू नये, कारण चिकणमातीचे प्रमाण कमी असले किंवा थरांची रचना विस्कळीत झाली तरी ते दिसत नाही. तो निष्कर्ष पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे पाहिल्यानंतरच काढावा.