शेरेबहीत न आलेला दिवस

पहिलीतलं मूल पाटीवर 'क' काढतं आणि लगेच पाटी वर धरतं, "बाई, बघा ना!" मी बघेपर्यंत हात खाली येत नाही. चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय, माझंही तसंच होतं. गेल्या वर्षी हातच्याच्या वजाबाकीवर महिनाभर खपले. भेटीला आलेल्या साहेबांनी शेरेबहीत लिहिलं, 'परिसर स्वच्छ. उपस्थिती चांगली.' त्या रात्री जेवण गेलं नाही.

असं झालं की स्वतःला बोल लावू नका. कौतुकाची भूक खरी असते. डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ मास्लोची माणसाच्या गरजांची उतरंड आपण सगळ्या शिक्षकांनीच पाठ केली. १९४३च्या त्या मांडणीत मानाच्या गरजेचे दोन भाग आहेत: लोकांकडून मिळणारा मान, आणि आपल्याला काम येतं हा स्वतःचा विश्वास. दुसऱ्या भागाकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

२०१० पासून आपण मुलांच्या वर्णनात्मक नोंदी ठेवतोय. तशीच नोंद स्वतःची ठेवा. शाळा सुटल्यावर वर्गातच पाच मिनिटं बसा. घरी गेल्यावर ते होत नाही. 'छान झालं', 'दिवस वाया गेला' असले शब्द नकोत. काय केलं आणि काय दिसलं, एवढंच. माझी एक नोंद अशी आहे: 'वजाबाकीसाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दिले. सातांपैकी चौघांनी गठ्ठा आपणहून सुटा केला. एकीला मी उत्तराच्या मध्येच दोनदा तोडलं, मग ती बोललीच नाही.'

ते शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पण जमलेलं आधी लिहा, नुसत्या चुकांची वही आठवडाभरही चालत नाही. आणि ही वही पुरस्काराच्या प्रस्तावाला कधीही जोडू नका. कोणीतरी वाचणार म्हटलं की ते तोडलेलं उत्तर आपण लिहीत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवड्याच्या नोंदी सलग वाचा आणि कोणाचं नाव आलंच नाही ते शोधा. मला पहिल्याच महिन्यात सापडलं. दुसरीतल्या एका मुलाबद्दल चार आठवड्यांत एक ओळ नव्हती. तो पाटी कधी वर धरत नाही. सोमवारी गणिताच्या तासाला त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि पाटी मागितली. ३२ वजा १७, उत्तर १५.