लाडक्या ब्रँडचा चेहरा बदलला, की वाद नीट कसा तपासावा

पाकिटावरचा ओळखीचा चेहरा बदलला, की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. एका बाजूला 'आमच्या आठवणी पुसल्या', दुसऱ्या बाजूला 'हे केव्हाच व्हायला हवं होतं'. मी पाकिटांची आर्टवर्कं करते. नाव, चित्र, रंग, घटकांची यादी, सगळं छपाईला जाण्याआधी माझ्यासारख्यांच्या हाताखालून जातं. त्यामुळे असा वाद पेटला की ओळखीचे लोक मला विचारतात, यात खरं किती? मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे देते आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांना त्या चित्राबद्दल खरोखर काही वाटत असतं, म्हणूनच त्याची तपासणी मन लावून करावी असं मला वाटतं.

आधी एका वाक्यात लिहा: नेमकं काय बदललं?

नाव बदललं, चित्र बदललं, चित्राची जागा बदलली, की आतली वस्तूच बदलली? या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीच्या मथळ्यात त्या हमखास एक होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने 'मिस्टर पोटॅटो हेड' या खेळण्याच्या ब्रँडनावातला 'मिस्टर' काढला. काही तासांत जगभर बोभाटा झाला की बटाटेबुवा गेले. प्रत्यक्षात मिस्टर आणि मिसेस ही दोन्ही पात्रं त्याच नावांनी राहणार होती, बदलणार होतं ते ब्रँडचं नाव. कंपनीला त्याच दिवशी तसा खुलासा करावा लागला.

ब्रिटनमधल्या लायल्स गोल्डन सिरपचंही तसंच. त्याच्या हिरव्या-सोनेरी डब्यावर मेलेला सिंह आणि त्याच्याभोवती मधमाश्या, असं बायबलमधल्या कथेवरचं चित्र १८८५ पासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने नवं, सुटसुटीत चिन्ह आणलं आणि सिंह हद्दपार झाल्याची हाकाटी उठली. जुन्या नमुन्याच्या डब्यावर मात्र सिंह तसाच ठेवला होता. म्हणून तुमच्या वाक्यात 'कोणत्या पाकिटावर, कोणत्या देशात' हेही येऊ द्या.

एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा, बॉबी कूका आणि उमेश राव यांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीचं रूप पालटलं तेव्हा 'महाराजाला काढलं' असं सर्रास म्हटलं गेलं. त्याची भूमिका आकसली, पण तो निवृत्त झाला नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला एशियन पेंट्सचा गट्टू मात्र खरोखरच निवृत्त झाला, २००२ मध्ये. या दोन बदलांना एकच शब्द वापरला, तर पुढची सगळी चर्चा घसरते.

जुनं पाकीट डोळ्यांनी पाहा

आठवणीवर विसंबू नका. फ्रूट ऑफ द लूम या कपड्यांच्या ब्रँडच्या चिन्हात फळांमागे शिंगाच्या आकाराची टोपली होती, असं असंख्य लोक छातीठोकपणे सांगतात. कंपनी म्हणते, तशी टोपली कधीच नव्हती. मोनोपॉली खेळातल्या म्हाताऱ्या शेठच्या डोळ्यावर एकभिंगी चष्मा होता, हीसुद्धा अशीच सामूहिक आठवण आहे. तो चष्मा नव्हता. जुन्या जाहिराती, ट्रेडमार्क नोंदणीतली चित्रं, संग्राहकांकडचे डबे, यांतलं काहीतरी समोर ठेवा. छायाचित्र असेल तर ते कोणत्या सालचं आणि कुठल्या बाजारातलं हे विचारा.

पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी हे याचंच आपल्याकडचं उदाहरण. ती अमुक एक खरी मुलगी, आता मोठी झालेली, असे फोटो वर्षानुवर्षं फिरतात, नावंही दर वेळी वेगळी असतात. कंपनीचं म्हणणं स्पष्ट आहे: ते चित्र आहे, एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहिया यांनी साठच्या दशकात काढलेलं. चेहरा कोणाचा हा प्रश्न पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून अशा ऐकीव गोष्टी इथेच बाजूला काढा.

तारखा एकाखाली एक लिहा

ही पायरी मी कोणालाही वगळू देत नाही, आणि कारण माझ्या कामातलं आहे. पाकीट एका रात्रीत बदलत नाही. नवं चित्र मंजूर होतं, कायदा विभाग प्रत्येक ओळ तपासतो, प्रूफ निघतात, रंग जुळवले जातात, छपाईचे सिलिंडर कोरायला जातात, आणि जुनं छापील साहित्य संपेपर्यंत दोन्ही पाकिटं दुकानात शेजारी-शेजारी दिसतात. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला बदल दिसला, त्याच्या कितीतरी आधी तो ठरलेला असतो. वादाची तारीख आणि निर्णयाची तारीख वेगळी काढली, की निम्मे आरोप आपोआप गळतात.

अमेरिकेतली लँड ओ'लेक्स ही लोणी विकणारी सहकारी संस्था घ्या. १९२८ पासून तिच्या पाकिटावर गुडघे टेकून बसलेली मूलनिवासी तरुणी होती. ती दिसेनाशी झाली, आणि २०२० च्या उन्हाळ्यातल्या वर्णद्वेषविरोधी निदर्शनांना घाबरून कंपनीने तिला काढलं, असा समज घट्ट बसला. तारखा लावून पाहा. नव्या पाकिटाची घोषणा फेब्रुवारी २०२० मधली, लोकांच्या ती नीट लक्षात आली एप्रिलमध्ये, आणि ज्यामुळे ती निदर्शनं पेटली तो जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून झालेला मृत्यू २५ मे रोजीचा. कंपनीने दिलेलं कारण होतं येऊ घातलेली शताब्दी आणि शेतकऱ्यांना पाकिटावर पुढे आणणं. ते कारण पुरेसं वाटतं का, यावर वाद जरूर घाला. पण मे महिन्यातली घटना फेब्रुवारीतल्या निर्णयाचं कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडच्या 'फेअर अँड लव्हली'च्या बाबतीत उलटं झालं. १९७५ मध्ये आलेल्या या क्रीमच्या नावातून जून २०२० च्या घोषणेनंतर 'फेअर' गेलं आणि जुलैत 'ग्लो अँड लव्हली' आलं. त्यामुळे ही केवळ परदेशी लाट असं मानलं गेलं. तारखांची यादी मागे न्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या क्रीमच्या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या त्या २००२-०३ च्या सुमारास, आणि 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली २००९ मध्ये. २०२० ने घाई केली असेल, पण जमीन इथल्याच बायकांनी नांगरून ठेवली होती. त्यांचं श्रेय असं पुसलं जाणं मला फार खटकतं.

चेहरा कोणाचा, कोणी काढला, पैसे कोणाला मिळाले

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आंट जेमिमा हे पॅनकेकच्या तयार पिठाचं नाव १८८९ चं. ते घेतलं होतं त्या काळच्या मिन्स्ट्रल खेळातल्या एका गाण्यातून. या खेळांत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन यांनी आंट जेमिमा बनून लोकांना पॅनकेक करून दाखवले. त्या केंटकीत गुलामीत जन्मल्या होत्या. १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०२० मध्ये. त्या लक्षाधीश होऊन वारल्या, असा मजकूर २०२० मध्ये भरपूर फिरला. त्याला पुरावा नाही.

चित्र मात्र बदलत राहिलं. १९६८ मध्ये डोक्यावरच्या फडक्याच्या जागी पट्टी आली, १९८९ मध्ये तीही जाऊन मोत्याची कानातली आणि लेसची कॉलर आली. माझ्या व्यवसायाचा माणूस हे पाहून लगेच ओळखतो की मालकांना अडचण फार आधीपासून कळत होती आणि ते चित्र दुरुस्त करून नाव वाचवत होते. जून २०२० मध्ये नाव सोडण्याचं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये 'पर्ल मिलिंग कंपनी' हे नाव आलं. हेच पीठ ज्या गिरणीत पहिल्यांदा तयार झालं तिचं ते नाव.

आता दुसरी बाजू वाचा. टेक्सासमधल्या हॉकिन्स गावच्या लिलियन रिचर्ड यांनी १९२५ पासून वीसहून जास्त वर्षं आंट जेमिमा म्हणून गावोगाव प्रात्यक्षिकं दिली. २०२० मध्ये त्यांचे कुटुंबीय म्हणाले, नाव पुसताना आमच्या माणसाचे कष्टही पुसू नका. ज्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला फारशा नोकऱ्या मिळत नव्हत्या, त्या काळातलं ते मानाचं काम होतं. नाव अपमानातून जन्मलं हे खरं, आणि ते नाव घेऊन राबलेल्या बायका खऱ्या होत्या हेही तितकंच खरं. माझं मत विचाराल तर नाव जायलाच हवं होतं. पण त्या बायकांची नावं पाकिटाच्या मागच्या बाजूला तरी छापायला हवी होती. तेवढी जागा प्रत्येक पाकिटावर निघते.

लँड ओ'लेक्सच्या तरुणीचंही इतकं सरळ नाही. १९५४ मध्ये ती नव्याने चितारली पॅट्रिक डेजार्लेट यांनी, जे स्वतः ओजिब्वे या मूलनिवासी समाजाचे होते. त्यांनी तिच्या पोशाखावर आपल्या लोकांची फुलांची नक्षी घातली. पार्श्वभूमीतला किनारा मिनेसोटातल्या रेड लेक या ओजिब्वे वस्तीच्या रहिवाशांना ओळखू येईल असा होता, असं त्यांच्या मुलाने लिहिलं आहे. आणि हे चित्र साचेबंद नाही असंही. त्याच वेळी मिनेसोटाच्या लेफ्टनंट गव्हर्नर पेगी फ्लॅनगन यांनी ते काढल्याबद्दल कंपनीचे आभार मानले. त्याही ओजिब्वेच. तेव्हा 'त्या समाजाला काय वाटतं' असा एकवचनी प्रश्न विचारू नका. कोणाला, काय आणि का वाटतं, ते नावानिशी टिपून ठेवा.

आणखी एक तपास: बदल सगळ्या भाषांत झाला का? आशियात विकल्या जाणाऱ्या 'डार्की' (कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द) टूथपेस्टचं इंग्रजी नाव १९८९ मध्ये 'डार्ली' झालं. चिनी नाव मात्र तीस वर्षांहून जास्त काळ 'काळ्या माणसाची टूथपेस्ट' असंच राहिलं.

आक्षेप चेहऱ्यावर, की त्याच्या कामावर?

कधीकधी चित्रात काहीच वावगं नसतं, ते कोणाला ओढतं हा प्रश्न असतो. कॅमल सिगारेटचा 'जो कॅमल' हा उंट. १९९१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या ९१ टक्के मुलांनी त्याची सिगारेटशी बरोबर जोडी लावली, जवळपास मिकी माउसइतकीच. १९९७ मध्ये तो उंट गेला. चिलीत २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या खाद्यपदार्थांवर मुलांना भुलवणारी पात्रं छापायला कायद्याने बंदी आहे, म्हणून केलॉग्जच्या न्याहारीच्या सीरियलवरचा टोनी वाघ तिथल्या खोक्यांवरून उतरला. अशा वेळी 'भावना दुखावल्या' ही भाषा गैरलागू आहे. इथे कायदा वाचा.

ही जाहिरातच तर नाही ना?

जानेवारी २०२२ मध्ये एम अँड एम्स या चॉकलेटच्या जाहिरातीतल्या हिरव्या गोळीचे उंच बूट जाऊन साधे बूट आले आणि त्यावर टीव्हीवर रोष व्यक्त झाला. वर्षभराने, जानेवारी २०२३ मध्ये, कंपनीने पात्रांना अनिश्चित काळासाठी रजा दिल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारीत सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना संपला आणि पात्रं परत! शेंगदाणे विकणाऱ्या प्लँटर्सने जानेवारी २०२० मध्ये १९१६ पासूनच्या आपल्या मिस्टर पीनट या पात्राला जाहिरातीत मारलं आणि सुपर बोलच्या जाहिरातीत पुन्हा जन्माला घातलं. घोषणा मोठ्या सामन्याच्या तोंडावर आली असेल, तर दोन आठवडे थांबा. आपला राग कोणाच्या जाहिरात-खर्चात बचत करतोय हे तेवढ्यात कळतं.

कंपनीला सांगायचं असेल तर

ग्राहकाचं ऐकलं जातं, हे मी ठामपणे सांगते. २३ एप्रिल १९८५ ला कोका-कोलाने चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांवर चाचण्या झाल्या होत्या, पण जुनी चव कायमची जाणार म्हटल्यावर काय वाटेल, हे त्या चाचण्यांतून हाती लागलं नाही. दिवसाला पंधराशे फोन येऊ लागले आणि ७९ दिवसांत जुनं पेय परतलं. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने २००९ च्या जानेवारीत संत्र्यात खोचलेल्या स्ट्रॉचं चित्र काढलं; फेब्रुवारी संपण्याआधी विक्री वीस टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणायचं ठरलं. क्रॅकर बॅरल या अमेरिकी रेस्टॉरंट-साखळीने १९ ऑगस्ट २०२५ ला पिंपाला टेकलेला माणूस चिन्हातून काढला, आठवड्याभरात तो परत आणला.

या तिन्ही प्रसंगांत कोणाचा अपमान थांबवण्यासाठी बदल झाला नव्हता, म्हणून मागे फिरणं सोपं होतं. तुमचा आक्षेप कोणत्या प्रकारचा आहे हे पत्राच्या पहिल्याच ओळीत सांगा: ओळख पटत नाही, वस्तू बदलली आहे, की चित्र अवमानकारक आहे. ग्राहक सेवा विभाग पत्रं अशीच वेगळी करतो आणि पहिल्या दोन प्रकारची आमच्याकडे, म्हणजे डिझाइनवाल्यांकडे, खरोखर येतात. पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख लिहा, पुढच्या-मागच्या बाजूंचे फोटो जोडा. चव किंवा वजन बदलल्याचा संशय असेल, तर जुन्या-नव्या पाकिटांवरच्या घटकांच्या याद्या शेजारी ठेवून फोटो काढा. एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. शिवीगाळ असलेलं पत्र वरच्या माणसापर्यंत जात नाही. ते 'संताप' या रकान्यात एक आकडा वाढवून थांबतं.