स्कूटरवर बारा महिने घालायचं काय

मी पहिल्यांदा रायडिंग जॅकेट घेतलं तेव्हा सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "लडाखला निघालीस की काय गं?" निघाले होते कोथरूडहून हिंजवडीला, रोजचे सोळा-सतरा किलोमीटर. आपल्याकडे हे डोक्यात पक्कं बसलंय की जॅकेट वगैरे बुलेटवाल्यांचं काम, स्कूटरला काय लागतंय, सनकोट घाला, स्कार्फ गुंडाळा, निघा. मी पण तेच करायचे.

मग जूनचा पहिला पाऊस. पहिल्या पावसात रस्त्यावरचं महिनोनमहिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता साबण लावल्यासारखा होतो, हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. वळणावर पुढचा ब्रेक दाबला, गाडी डावीकडे गेली आणि मी तिच्या मागे. स्पीड तीसच्या आसपास असेल फार तर. सनकोटची बाही कोपराशी गायब, तळहात सोलवटलेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुडघा, कारण लेगिंग सिंथेटिक होती आणि घासल्यावर ते कापड वितळून जखमेत चिकटलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर चिमट्याने एकेक धागा काढत होत्या आणि मी छताचा पंखा मोजत होते, एकच होता, तरी मोजत होते.

तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच घुसले. मैत्रिणी विचारत असतात, प्रत्येकीला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

पहिली गोष्ट, "ऑल-सीझन जॅकेट" नावाची जी वस्तू दुकानात मिळते, आत पावसाचा लायनर, म्हणजे काढता येणारं अस्तर, त्याच्या आत थंडीचा लायनर, अशी तीन मजली, ती स्कूटरवाल्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लांबच्या टूरला ठीक आहे. पण आपल्याला रोज वीस-चाळीस मिनिटं जायचं असतं आणि मे महिन्यात ते जाड प्रकरण तुम्ही दोन दिवस घालाल, तिसऱ्या दिवशी ते खुंटीवर, आणि पडायचं त्या दिवशीही ते खुंटीवरच असणार. म्हणून विकत घेताना एकच प्रश्न विचारायचा, मेमध्ये दुपारी दोन वाजता मी हे घालेन का? नाही असं उत्तर आलं तर कितीही भारी असू दे, ठेवून द्या. त्यापेक्षा एक जाळीचं जॅकेट घ्या, पॅड असलेलं, आणि पाऊस-थंडीसाठी वरून-आतून वेगळे थर घ्या. बारा महिने जॅकेट तेच.

जाळीचं म्हणजे सगळंच जाळीचं नको. छाती, पोट, बाहीचा आतला भाग जाळी चालेल, पण खांदे, कोपर, हाताची बाहेरची बाजू इथे जाड विणीचं कापड पाहिजे, कारण घासणार तेच. लेबलवर ६००डी पॉलिस्टर किंवा ५००डी कॉर्ड्युरा असं काहीतरी लिहिलेलं असतं, डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप, ५००-६०० च्या आसपास असलं की शहरातल्या वापराला बरं. आणि शिवण बघा, बाहेरच्या बाजूला दुहेरी-तिहेरी टीप असली पाहिजे, कापड चांगलं असून शिवण उसवली तर उपयोग शून्य. युरोपचं ईएन १७०९२ हे स्टँडर्ड लिहिलेलं असेल तर त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए असे वर्ग असतात, आपल्याला ए किंवा डबल ए पुरे. बी वर्गात आपटण्यापासून वाचवणारी पॅड नसतात आणि सी म्हणजे नुसती पॅड अडकवायची जाळी, घासण्यापासून वाचवायला तिचा काही उपयोग नाही, हे दुकानदार सांगत नाही.

पॅडचं बघू. दुकानदार खांद्यावर थाप मारून म्हणतो "मॅडम, आर्मर आहे ना", तर त्याला चेन उघडून पॅड बाहेर काढायला सांगा. त्यावर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ असं छापलेलं पाहिजे. ठरावीक जोराचा ठोका मारल्यावर लेव्हल १ च्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत धक्का आत जाऊ शकतो, लेव्हल २ मधून २० पर्यंत, म्हणजे फरक बराच आहे, पण लेव्हल १ चं पातळ पॅड तुम्ही रोज घालणार असाल तर माझ्या लेखी तेच जास्त चांगलं. पाठीच्या खिशात मात्र बऱ्याच जॅकेटमध्ये नुसता स्पंज कोंबलेला असतो! माझ्या पहिल्या जॅकेटमध्ये भांडी घासायच्या स्पंजचा मोठा भाऊ निघाला. पाठीसाठी ईएन १६२१-२ लिहिलेलं पॅड वेगळं मिळतं, ते घ्या.

आता ट्रायल. आरशासमोर उभं राहून जॅकेट बघू नका, तसं सगळं छान दिसतं. दुकानाबाहेर आपली गाडी असते ना, जॅकेट घालून तिच्यावर बसा, हँडल धरा. बाही मनगटाच्या वर किती सरकते? पाठ कमरेशी उघडी पडते का? मग डाव्या हाताने उजव्या कोपराचं पॅड चिमटीत धरा आणि गोल फिरवायचा प्रयत्न करा. फिरलं तर जॅकेट मोठं आहे, कारण रस्त्यावर पण ते असंच फिरणार आणि कोपर बाहेर राहणार. आपल्याला सवय असते "जरा ढगळ द्या, आत स्वेटर बसेल", इथे ती सवय सोडा. बाहीवर आवळायचा पट्टा असतो, तो आवळून बघा. बायकांसाठी एक खास, कुर्त्यावर घालून बघा, ऑफिसला काय घालता त्यावर, जीन्स-टीशर्टवर नाही.

रंग? काळा मळत नाही म्हणून सगळे काळा घेतात. उन्हात तापतो आणि रात्री दिसत नाही, दोन्ही तोटे. फिकट राखाडी घ्या. निऑन पिवळा-नारिंगी दिवसा आणि संध्याकाळी मस्त उठून दिसतो, पण तो उजेडातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांवर चमकतो, म्हणून रात्री त्याचा फार उपयोग नाही, रात्री लागतात त्या चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या ज्या मागच्या गाडीचा हेडलाइट त्याच्याकडेच परत फेकतात. घरी लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरा आणि जॅकेटवर मारा, खरी पट्टी आहे की नुसता राखाडी रंग ते लगेच कळतं.

उन्हाळा. माझं माहेर नागपूर, त्यामुळे पुण्याच्या ३९ ला मी उन्हाळा म्हणत नाही, पण असो. हवा जोपर्यंत आपल्या कातडीपेक्षा थंड आहे, म्हणजे साधारण ३५ च्या खाली, तोपर्यंत जाळीतून येणारा वारा गार वाटतो. त्याच्यावर गेलं की उलटं होतं, चाळिशीच्या वर तर हेअर ड्रायर समोर धरल्यासारखं, घाम लागायच्या आत वाळतो आणि तुम्हाला कळतही नाही की अंगातलं पाणी संपतंय. म्हणून नागपूर-चंद्रपूरकडे लोक ४५ मध्ये डोकं-कान-नाक दुपट्ट्याने बांधून फुल बाह्यांत फिरतात, ते बरोबरच आहे. (बाबा अजूनही खिशात कांदा ठेवतात, त्यावर वाद घालत नाही.) तिथे जाळीच्या जॅकेटच्या आत सुती फुल बाह्यांचा टीशर्ट ओला करून पिळून घाला, वारा त्याला वाळवतो तोवर तुम्ही गार. स्लीव्हलेसवर जॅकेट घालू नका, जाळी अंगाला घासते आणि घामाने चिकटते.

पावसाळा हा खरा विषय. माझा नियम, पाणी जॅकेटच्या बाहेरच अडवायचं. आतला लायनर असला तर बाहेरचं कापड भिजून किलोभर जड होतं, वाऱ्याने गार पडतं, ऑफिसात खुर्चीवर टाकलं की खाली तळं. शिवाय सरी येतात सिग्नलला, तिथे जॅकेट काढून लायनर घालत बसणार का? त्यामुळे डिक्कीत रेनसूट, शर्ट-पँट वेगळी, आणि घेताना जॅकेट घालून त्याच्यावर ट्राय करायचा, एक साइझ मोठा लागतोच.

रेनसूट उलटा करून आतून बघा, प्रत्येक शिवणीवर टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. "वॉटर रेझिस्टंट" म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, भुरभुर थांबेल, मुसळधार नाही. १०,००० एमएम असं लिहिलेलं असेल तर दहा मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसतं असा अर्थ, आणि पुण्या-मुंबईच्या पावसाला ते पुरतं, पण शिवणीतून गळलं तर त्या आकड्याला काय चाटायचंय? आणि स्कूटरवर एक खास भानगड असते, आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो, सगळं पाणी मांडीवर साठतं आणि पँटच्या मधल्या शिवणीतून बरोब्बर नको तिथे उतरतं. ती शिवण नीट टेप केलेली आहे का हे दुकानात लाज न बाळगता बघा. ऑफिसात पोचल्यावर जास्त लाज वाटते. पुढच्या चेनवर झाकण पाहिजे, वारा पाणी चेनमधून आत ढकलतो. बाही ग्लोव्हजच्या वरून, आत नाही, कारण स्कूटरवर हात पुढे खाली उतरते असतात, पाणी बाहीवरून ओघळून थेट ग्लोव्हजमध्ये भरतं.

पोंचो नको. कितीही सोपा वाटू दे, नको. वाऱ्याने तोंडावर येतो, टेललाइट झाकतो, आणि टोक चाकात जाऊ शकतं. तेच ओढणी-पदराचं, मोटार वाहन नियमात १२३ नंबरचा नियम आहे की मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नको, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, पण स्कूटरचं चाक झाकलेलं दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका, ओढणीला गाठ मारून ती जॅकेटच्या आत.

थंडीचं पटकन सांगते. १० डिग्रीची पहाट ४० च्या स्पीडला अंगाला ६ सारखी लागते, आणि लोकरी स्वेटरमधून वारा आरपार जातो. त्यामुळे आत स्वेटर, वर जॅकेट, आणि त्याच्यावर तोच रेनसूटचा शर्ट, वारा बंद. वेगळं काही घ्यायची गरज पडत नाही. आमचे आजोबा छातीशी वर्तमानपत्र घालायचे, तत्त्व तेच.

ग्लोव्हजवर कंजुषी करू नका. पडताना माणूस हात टेकतोच, ते आपल्या हातात नसतं. तळव्यावर, मनगटाजवळ जाड किंवा टणक पट्टी पाहिजे आणि मनगटाचा पट्टा आवळल्यावर ग्लोव्ह ओढून निघता कामा नये. ते उन्हासाठी मिळणारे होजिअरीचे पातळ हातमोजे उन्हापुरतेच, शिवाय ग्रिपवर सटकतात.

खाली काय? रायडिंग जीन्स मिळतात गुडघ्याला पॅड असलेल्या, मला ऑफिसला चालत नाहीत, म्हणून मी वरून बांधायचे नी-गार्ड वापरते, दोन पट्टे, पोचल्यावर अर्ध्या मिनिटात डिक्कीत. दिसायला क्रिकेटचे पॅड बांधल्यासारखं दिसतं, वॉचमनकाका रोज विचारतात ओपनिंग की वनडाउन. लेगिंग मात्र स्कूटरवर बंद. बूट घोटा झाकणारे, लेस आत खोचून. पावसात गमबूट चालतात, पण बुटांवर चढवायची प्लॅस्टिकची कव्हरं बघून घ्या, बऱ्याच कव्हरांचा तळ गुळगुळीत असतो आणि सिग्नलला पाय टेकला की सटकन.

हेल्मेटवर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय स्टँडर्ड) बघा, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं विकायलाच बंदी आहे तरी रस्त्याकडेला मिळतंच. स्कार्फ आत बांधायचा असेल तर तोच स्कार्फ बांधून हेल्मेट ट्राय करा, आणि गाठ मागे नको, हेल्मेट वर उचललं जातं. पावसाळ्यात काळी काच नको, पारदर्शकच. लहान मूल मागे असेल तर २०२२ च्या केंद्राच्या नियमात ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना हार्नेस आणि हेल्मेट लागतं आणि गाडी ४० च्या वर न्यायची नाही.

धुवायचं म्हणाल तर पॅड काढून, हाताने, साध्या साबणाने, सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने पाणी अडवणारा थर खराब होतो. रेनसूट ओला घडी करून डिक्कीत ठेवला की दोन दिवसांत बुरशी आणि वास. आणि पॅड परत घालताना डावं-उजवं, वर-खाली बघा, मी एकदा कोपराचे पॅड उलटे घातले आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत होते की जॅकेट धुतल्यावर आटलं.