टेन्स शिकवायला बसण्याआधीची तयारी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आईबाबांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली, आणि टेन्स म्हटलं की अनेकांना बारा चौकटींचा तो तक्ताच आठवतो. आज मूल तोच तक्ता घेऊन समोर बसतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो पाठ करून घेऊ नका. आधी काही गोष्टी हाताशी ठेवा, मग बसा.

पहिलं म्हणजे क्रियापदं निवडून ठेवा. वॉक, प्ले, वेट, वॉश, स्टॉप आणि स्टडी एवढी पुरतात, कारण स्पेलिंग आणि उच्चार यांतल्या बहुतेक अडचणी या सहांत येऊन जातात. गो, ईट, कम ही मंडळी नियमात बसत नाहीत. त्यांचं पाठांतर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पानावर. दोन्ही एकत्र केलं की नियम असा काही आहे यावरचा मुलाचा विश्वासच उडतो.

मग वही आडवी धरून चार रकाने आखा: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. नियमित क्रियापदाला एवढीच चार रूपं असतात. व्ही टू (साध्या भूतकाळाचं रूप) आणि व्ही थ्री (हॅव, हॅज, हॅडनंतरचं रूप) इथे एकच, त्यामुळे तिसरा रकाना दोन्हींचं काम करतो. आता बारा काळांची वाटणी मुलालाच करायला सांगा. आयएनजीचं रूप सहा काळांत येतं, ईडीचं चारांत, आणि उरलेल्या दोनांत, म्हणजे साध्या वर्तमानात आणि साध्या भविष्यात, मूळ रूप. एस फक्त साध्या वर्तमानात, तोही ही, शी, इट किंवा एकट्या नावापुढे. ही वाटणी मुलाने स्वतःच्या हाताने केली की बारा चौकटींची भीती बरीच ओसरते.

त्याच एसपाशी जरा थांबा. नामाला एस लागला की अनेकवचन होतं, म्हणून मुलं हमखास ‘दे वॉक्स’ लिहितात. क्रियापदाचा एस कर्ता एकटा असताना लागतो, हे उदाहरणं देऊन पक्कं करा. बाकी बाबतीत मात्र इंग्रजी क्रियापद मराठीपेक्षा सोपं आहे. आपण सदरा धुतला, चादर धुतली, कपडे धुतले म्हणतो. तिथे तिन्हींना वॉश्डच.

सहायक क्रियापदांची एक चिठ्ठी वेगळी करून ठेवा: अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, हॅव, हॅज, हॅड, विल, आणि प्रश्नांसाठी डू, डझ, डिड. काळाचं बरंचसं ओझं हेच शब्द वाहतात. डिड आला की भूतकाळ त्याने उचलला, पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘डिड यू वॉक’ बरोबर, ‘डिड यू वॉक्ड’ चूक. डझचंही तसंच.

स्पेलिंगचे नियम थोडे आहेत. स्टॉपला ईडी लावताना पी डबल होतो. स्टडीचा वाय जाऊन आयईडी येतो, पण प्लेच्या वायआधी स्वर असल्याने तो तसाच राहतो. वॉशला एस नव्हे, ईएस. व्हिजिटमध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणून टी एकच. अ‍ॅडमिटमध्ये तो शेवटी, म्हणून टी डबल. ट्रॅव्हलचा एल मात्र जोर शेवटी नसतानाही ब्रिटिश पद्धतीत डबल होतो. आपण तीच पद्धत शिकतो, तेव्हा फोनचा कीबोर्ड अमेरिकन इंग्रजीवर असेल तर आधी बदला, नाहीतर बरोबर शब्दाखालीच लाल रेघ दिसेल.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो ईडीच्या उच्चारासाठी. ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असं वाचणाऱ्या मुलाला हसू नका. इंग्रजीतही एकेकाळी हा ईडी सुटा उच्चारला जात असे; बोलणं बदललं, स्पेलिंग तसंच राहिलं. मराठी मुलाकडे इथे एक तयार साधन आहे: व्याकरणातली कठोर आणि मृदू व्यंजनं. शब्दाचा शेवटचा उच्चार क, प, च, श, स, फ असा कठोर असेल तर ईडीचा ट होतो: वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. तो मृदू असेल किंवा स्वर असेल तर ड: प्लेड, कॉल्ड, स्टडीड. शेवटी ट किंवा ड चा उच्चार असेल तरच इड: वेटिड, नीडिड. अक्षर नव्हे, उच्चार बघायचा. लाफच्या शेवटी जीएच लिहितात, पण ऐकू येतो फ, म्हणून लाफ्ट. गळ्यावर दोन बोटं ठेवून मुलाला ‘स्स्स’ आणि मग ‘म्म्म’ म्हणू द्या. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवते, पहिल्या वेळी नाही. फरक तेवढाच आहे.

शेवटी घरातली दहाबारा मराठी वाक्यं लिहून ठेवा, आणि त्यांत दोन फसवी वाक्यं मुद्दाम घाला. ‘मी काल मावशीला फोन केला होता’ याचं मुलं ‘आय हॅड कॉल्ड’ करतात. आपला ‘होता’ कुठल्याही झालेल्या गोष्टीला सहज लागतो. इंग्रजीत हॅड लागतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्याही आधी काही घडलं असेल तर. इथे नुसतं ‘आय कॉल्ड’ पुरे. दुसरं, ‘आम्ही पाच वर्षांपासून इथे राहतोय’. मराठीत हा चालू वर्तमानकाळ, पण इंग्रजीत ‘वी हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’. मुदत सांगताना फॉर, सुरुवात सांगताना सिन्स. ही दोन वाक्यं पहिल्याच दिवशी काढू नका. चार रकाने न बघता भरता आले की मगच विचारा.