वर्गमित्राच्या निबंधावर अभिप्राय कसा लिहावा

मराठीच्या तासाला निबंधाच्या वह्यांची अदलाबदल झाली की बहुतेकांच्या हातून दोनच गोष्टी घडतात : शेवटी ‘छान’ असा शेरा तरी पडतो, नाहीतर पहिल्या ओळीपासून वेलांट्यांची दुरुस्ती सुरू होते. पहिल्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्याने लेखन शुद्ध होते, पण सुधारत नाही.

म्हणून पहिले वाचन हातात पेन न घेता, सलग करावे. त्याआधी लेखकाला एवढेच विचारावे की, हा कच्चा खर्डा आहे की जवळजवळ पक्का, आणि त्याला स्वतःला कोणती जागा खटकते आहे. दुसऱ्या वाचनात, जिथे आपण अडखळलो, कंटाळलो किंवा मागे जाऊन पुन्हा वाचले, तिथे समासात पेन्सिलीने खूण करावी.

समजा, निबंध गावातील पाणीटंचाईवर आहे. पहिले दोन परिच्छेद ‘पाणी म्हणजे जीवन’ या थाटाचे आहेत आणि तिसऱ्यात आजी पहाटे टँकरच्या रांगेत हंडा ठेवून येते. इथे ‘सुरुवात कंटाळवाणी आहे’ असे लिहिल्यास लेखक दुखावतो आणि करायचे काय, हेही त्याला कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘पहिले दोन परिच्छेद वाचून हे कोणत्या गावाबद्दल आहे ते मला समजले नाही. आजीच्या हंड्यापाशी आल्यावर मात्र मी लक्ष देऊन वाचू लागलो. तो प्रसंग आधी घेता येईल का?’ यात जागा नेमकी दाखवली आहे, वाचकाचे काय झाले ते सांगितले आहे आणि निर्णय लेखकावर सोडला आहे. त्याचे वाक्य आपणच नव्याने लिहून देण्याचा मोह हुशार विद्यार्थ्यांना फार होतो. तो टाळावा, कारण मग निबंध दोघांचा होतो आणि धड कोणाचाच राहत नाही.

वैचारिक निबंधात लेखकाचे मत आपल्याला पटले नाही, तर ते बदलायला सांगू नये. मताला आधार दिला आहे का, विरुद्ध बाजूची दखल घेतली आहे का, एवढेच पाहावे.

शुद्धलेखन शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १८ आहेत, पण एका निबंधातल्या चुका बहुधा त्यांतल्या दोन-तीन नियमांभोवतीच फिरतात. ‘वकीलांनी’, ‘जमीनीवर’, ‘फूलांचा’ या तीन चुका दिसत असल्या तरी मूळ चूक एकच आहे : ‘वकील’, ‘जमीन’, ‘फूल’ यांतील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, दीर्घ स्वर सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, ऱ्हस्व होतो. पंधरा ठिकाणी दुरुस्ती करण्यापेक्षा एका ठिकाणी खूण करून हा नियम लिहावा आणि बाकीच्या जागा लेखकाला शोधू द्याव्यात.

अभिप्रायात मोठे मुद्दे दोन-तीनच असावेत. त्यांत जमलेली एक जागा, ती का जमली या कारणासह, अवश्य असावी. वही परत देताना शेजारी बसून आपला अभिप्राय मोठ्याने वाचावा आणि लेखकाने काही विचारल्यास उत्तर द्यावे. दुसरा खर्डा हाती आला की आधी आपल्याच जुन्या खुणा पाहाव्यात. लेखकाने एखादी सूचना घेतली नसेल, तर कारण विचारायला हरकत नाही, पण तीच सूचना पुन्हा लिहू नये.