डेटाबेस हलवल्यावर मोजणी मंदावली? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात फोंड्यातील एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला आणि देवघेवीच्या नोंदींचा एकूण आकडा, जो पूर्वी क्षणात दिसत असे, तो दिसायला कित्येक सेकंद लागू लागले. सर्वांनी नव्या सर्व्हरला दोष दिला. मीही दिला, आणि तीच पहिली चूक होती.

जुने तक्ते (टेबल) मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीतील 'मायआयसॅम' या साठवणीच्या प्रकारचे होते, नवे 'इनोडीबी' प्रकारचे. मायआयसॅम ओळींची नेमकी संख्या स्वतःजवळ लिहून ठेवतो, त्यामुळे ओळी मोजण्याची आज्ञा 'काउंट(*)', अट नसेल तर, तिथे जवळजवळ फुकट पडते. मायएसक्यूएल ५.५ पासून मूलनिवड (डिफॉल्ट) असलेला इनोडीबी मात्र ती संख्या ठेवत नाही, कारण एकाच क्षणी चालू असलेल्या दोन व्यवहारांना (एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांच्या गटांना) वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. म्हणून तो दर वेळी इंडेक्स (ओळी शोधण्याची सूची) चाळून मोजतो. 'काउंट(*)'ऐवजी 'काउंट(१)' लिहिण्याचा उपाय पुष्कळजण सुचवतात, पण त्याने काहीही फरक पडत नाही. स्तंभाचे नाव घातल्यास तर अर्थच बदलतो, कारण त्या स्तंभात 'नल' (काहीच मूल्य नाही) असलेल्या ओळी गाळल्या जातात.

अट असेल तर अटीतील स्तंभांवर इंडेक्स करावा आणि तो खरोखर वापरला जातो की नाही हे 'एक्सप्लेन' या, डेटाबेस शोध कसा घेणार ते दाखवणाऱ्या, आज्ञेने पाहावे. अट नसेल, तर आकडा वेगळ्या तक्त्यात ठेवून दर दहा मिनिटांनी ताजा करणे पुरते. वाचकाला शेवटच्या ओळीपर्यंतचा हिशेब नको असतो. 'पुढचे पान' दाखवायचे की नाही, एवढ्यासाठी पानावर वीस ओळी असतील तर एकवीस मागवल्या तरी काम भागते; एकविसावी आली, तर पुढचे पान आहे.

स्थलांतर पूर्ण झाले का, हे तपासताना मात्र उलट वागावे. 'इन्फॉर्मेशन स्कीमा'तील (डेटाबेसने स्वतःविषयी ठेवलेल्या माहितीतील) ओळसंख्या इनोडीबीच्या बाबतीत केवळ अंदाज असते. तिथे वेळ लागला तरी दोन्हीकडे 'काउंट(*)'च चालवावा, आणि तोही जुन्या संकेतस्थळावरील नोंदी थांबवल्यानंतर.

मराठी मजकुराचे दुखणे निराळे. देवनागरीचे अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असल्याने मायएसक्यूएलच्या जुन्या, तीन बाइटांपर्यंतच जाणाऱ्या 'यूटीएफ८' या अक्षर-साठवणीच्या पद्धतीत मावते, चार बाइटांचे इमोजी मावत नाही, आणि सर्व्हर कडक पद्धतीवर ('स्ट्रिक्ट मोड', म्हणजे चुकीचा मजकूर नाकारणारी) नसेल तर अभिप्राय इमोजीपाशीच तुटतो. नवे तक्ते 'यूटीएफ८एमबी४'मध्येच करावेत.

आणि आपल्याकडे जूनमध्ये वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने, मोठी आयात घरच्या संगणकावरील उघड्या खिडकीतून न करता सर्व्हरवरच 'स्क्रीन'मध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवावी. माझी पहिली आयात अर्ध्यावर तुटली होती, ती याच कारणाने.